कॉलर पालटायला आलेला शर्ट

३ मार्च, मंगळवार

बटणांच्या व्यापाऱ्याने नव्या वर्षाला दिलेली ही दैनंदिनी दोन महिने खडूचे तुकडे ठेवायला वापरली. आज तिच्यात लिहायला बसले आहे. विशेष कारण काही नाही. बावन्नाव्या वर्षी बाईला एखादी नवी खोड लागू शकते.

दुपारी दुकान जरा लवकर बंद केलं. धूळ फार येत होती.

संध्याकाळी कळलं, माझ्या नणंदेला पोलिसांनी धरून नेलं. कानावर आलेली हकिगत अशी. आमच्या शिवणकामाच्या दुकानापासून चार पावलांवर, फुटपाथवर, एक धारवाला बसतो. सायकलचं चाक फिरवून सुऱ्या-कात्र्यांना धार लावतो. तीस-पस्तीस वर्षं त्या किर्र आवाजापाशी बसून त्याचे कान गेलेत. फौजदाराने त्याला उठ म्हणून सांगितलं. त्याला ऐकू आलं नाही. पुन्हा सांगितलं, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा फौजदाराने काठीने सांगितलं.

नेमकी त्याच वेळी आमची नणंद बालवाडी सुटल्यावर घरी निघालेली. ही बाई पाच फूटही भरत नाही. घरात तिला सगळे मुंगी म्हणतात. वीस वर्षं चार-चार वर्षांची पोरं सांभाळतेय. तिथे मारामारी जुंपली की मारणाऱ्या पोराला मागून कवेत घ्यायचं, त्याचे दोन्ही हात अंगाशी घट्ट धरायचे आणि सांगायचं, "पुरे. श्वास घे." ही तिची पद्धत. तिने तीच फौजदाराला लावली. "श्वास घे" हेही म्हणाली म्हणतात.

कुणीतरी हसलं. धरल्याबद्दल साहेबांनी एखादवेळी सोडून दिलं असतं. हसं झाल्याबद्दल कोण सोडतं?

आमचे हे ठाण्यावर गेलेत, बहिणीला सोडवायला. जाताना दोनदा परत आले, एकदा चष्म्याला आणि एकदा धीराला. चष्मा सापडला.

जेवण गेलं नाही. धुळीनेच असेल.

४ मार्च, बुधवार

मुंगी जामिनावर घरी आली. ओठ फुटलाय, दंडावर बोटं उमटली आहेत. "कुणी केलं हे?" विचारलं तर म्हणाली, "जिन्यावरून पडले असं लिहून घेतलंय." "ठाण्याला जिना कुठाय? बैठी इमारत आहे ती." "तेच मी म्हटलं त्यांना," म्हणाली, आणि चहा घेऊन मुलांची चित्रं तपासायला बसली. माझ्याकडे फारसं पाहिलं नाही. दमली असेल.

धारवाल्याचं खांद्याचं हाड मोडलंय, डोक्याला सात टाके. सकाळीच कुणी नातेवाईक त्याला इस्पितळातून घेऊन गेले. कुठे, ते कुणालाच माहीत नाही.

दुकानात आज आणखी एक ताप. ठाण्याच्या वर्द्या चौदा वर्षं आम्हीच शिवतो. फौजदारसाहेबांचा एक शर्ट शनिवारी कॉलर पालटायला आला होता. कॉलर मानेशी घासून विरली की ती उसवायची, उलटी करून पुन्हा बसवायची. विरलेली बाजू खाली लपते आणि शर्ट आणखी दोन वर्षं मिरवतो. आमच्या कटिंगमास्तरांनी काल सकाळीच ती उसवून ठेवली होती, आज बसवणार होते. तर दहाच्या ठोक्याला शिपाई दारात.

"साहेबांचा शर्ट द्या."

"अहो, कॉलर लोंबतेय त्याची. दुपारी या."

"लोंबू द्या. आहे तसा मागितलाय."

चिठ्ठीवर सही करून घेऊन गेला. अर्धवट काम आमच्या दारातून बाहेर गेलं, चौदा वर्षांत पहिल्यांदा. कॉलर सरळ बसावी म्हणून मास्तर तिच्या मध्याला आणि गळपट्टीच्या मध्याला लाल धाग्याचा एकेक टाका घालतात. ते टाकेसुद्धा तसेच राहिले. मास्तरांना दिवसभर तेच लागून राहिलं.

लोंबत्या कॉलरीचा शर्ट घालून साहेब कुठे जाणार आहेत देव जाणे.

११ मार्च, बुधवार

आरोपपत्र आलं. ह्यांनी ते स्वयंपाकघरात उभ्याने वाचून दाखवलं. सरकारी कामात अडथळा, अधिकाऱ्यावर हल्ला, "आणि सदर आरोपीने झटापटीत अधिकाऱ्याच्या वर्दीची कॉलर ओढून फाडली." पुराव्यादाखल फाटका शर्ट जप्त. शिक्षा होऊ शकते दोन वर्षं. शिक्षा झाली की बालवाडीतली नोकरी गेलीच. तुरुंगातून आलेल्या बाईकडे कोण आपलं पोर सोपवणार?

ह्यांनी "दोन वर्षं" पुन्हा वाचलं. आणि मी काय बोलावं? मी म्हटलं, "आमची कॉलर फाटली? शक्य नाही!"

हे आणि मुंगी, दोघंही माझ्याकडे बघत राहिले.

"दुहेरी टीप असते," मी म्हटलं. "बैल बांधला तरी कापड फाटेल, टीप सुटणार नाही. ही मुंगी काय फाडणार? गावभर होईल आता, ह्या दुकानाच्या वर्द्या बायकांच्या हाताने फाटतात म्हणून!"

"वहिनी," मुंगी म्हणाली, "कॉलरपर्यंत माझा हात तरी पोचतो का? माझे हात त्याच्या पोटाशी होते."

तरीही मी सगळी संध्याकाळ चडफडत होते. चौदा वर्षांचं नाव आहे.

१२ मार्च, गुरुवार

मास्तरांना सांगितलं. काज करता करता ते थांबले, सुई गादीत खोचली, म्हणाले, "बाई, तो शर्ट कोणता?"

"कोणता म्हणजे? वर्दीचा."

"बुधवारी शिपाई घेऊन गेला तो?"

मी स्टुलावर बसले. मग म्हटलं, "मला कालच शंका आली होती." मास्तर भले गृहस्थ आहेत, हो म्हणाले.

म्हणजे सरकारी पुरावा आमच्या दुकानात तयार झाला. मास्तरांच्या ब्लेडने. नगास नग, वेळेत. काम अर्धवट राहिलं म्हणून मला लाज वाटत होती. साहेबांना तर अर्धवटच हवं होतं.

चिठ्ठीची कार्बन प्रत काढून बघितली. शनिवारची आवक, काम "कॉलर पालटणे", बुधवारी दहा वाजता शिपायाची सही. मास्तर म्हणाले, "सहीची माणसाला सवय वाईट."

प्रत कुठे ठेवावी कळेना. आधी कॉलरीत घालायच्या बकरमच्या गठ्ठ्यात ठेवली, मग शिवणयंत्राच्या खणात, मग ब्लाउजच्या आत. दिवसभर टोचत होती.

१९ मार्च, गुरुवार

बातमीला पाय फुटलेत. मुंगीची केस घेतलेल्या वकीलबाईंकडे मी भेटीची वेळ मागायला गेले होते, हे ठाण्याला माझ्याआधी कळलेलं दिसतं.

आज ठाण्याचा कारकून आला. वर्षाच्या वर्द्यांचं काम पुढच्या महिन्यात ठरतं. यंत्राशी उभा राहून मशीनला तेल कोणतं घालता, धागा कुठून आणता, अशी चौकशी केली. शेवटी म्हणाला, "साहेब म्हणत होते, बाईंच्या हातात सफाई आहे. बाईंनी शिवणच बघावं."

"शिवणच बघतेय हो," मी म्हटलं. "कॉलरीपलीकडे माझी नजर जातच नाही."

तो हसला. मला वाटलं, बरं बोलले. तो गेल्यावर पायमशीनवर पाय ठेवला तर पट्टा आपोआप फिरायला लागला, इतका पाय थरथरत होता.

दुपारी पालिकेचा माणूस दुकानाची पायरी मोजून गेला. चौदा वर्षं होती तेवढीच पायरी आहे. रस्त्यापलीकडे एक शिपाई उभा असतो आता. काही करत नाही, नुसता उभा. ह्यांनी पाणीखात्यात जन्मभर मीटर वाचले, त्यामुळे ह्यांना कुठेही गळतीच दिसते. म्हणाले, "उद्या धंदा गेला तर?" मी म्हटलं, "बहीण कुणाची आहे?" म्हणाले, "माझीच आहे गं. म्हणून तर तुला विचारतोय. मला विचारलंस तर मी नाही म्हणेन, आणि मग मला माझंच तोंड बघवणार नाही."

तीस वर्षांच्या संसारात एवढं सरळ वाक्य ह्यांनी पहिल्यांदाच उच्चारलं. ठरलं. शर्टाची साक्ष मी देणार.

२० मार्च, शुक्रवार

आज मला स्वतःबद्दल फार बरं वाटतंय. आरशात दोनदा पाहिलं. एक निर्भय कारागीर बाई. मास्तरांना म्हटलं, सत्यासाठी एवढं तरी केलंच पाहिजे. ते म्हणाले, "दोन नंबरच्या बाहीला टीप उलटी पडलीय बाई."

२७ मार्च, शुक्रवार

वकीलबाईंकडे आम्ही तिघं. तीस-बत्तीसची पोरगी आहे, बोलता बोलता पेन्सिलीची टोकं मोडते. शर्टाचं ऐकून खूश झाली. म्हणाली, "मग सोपं आहे. कॉलर खोटी म्हणजे सगळीच गोष्ट खोटी. आपण म्हणायचं, हिने त्यांना हातच लावला नाही."

"लावला की," मुंगी म्हणाली.

"ताई, ते कोर्टात म्हणायचं नाही."

"मी धरलं त्याला. चांगलं घट्ट धरलं. तो माणूस खाली पडलेला होता आणि हा त्याच्या डोक्यात मारत होता. नसतं धरलं तर मेला असता तो. धरलं नाही असं मी कशाला म्हणू? मी काय चोरी केली?"

"तुरुंगात जाल."

"मुलांना मी रोज सांगते, मारणाऱ्याला थांबवायचं आणि खोटं बोलायचं नाही. दोन्हींतलं एक आता परत घेऊ का? कोणतं घेऊ तेवढं सांगा."

वकीलबाईंनी पेन्सिलीचं आणखी एक टोक मोडलं. मग खुर्ची पुढे ओढून समजावलं. दुसऱ्याचा जीव वाचवायला मध्ये पडायचा हक्क कायद्यात आहे, मारणारा वर्दीत असला तरी आहे, पण तिथे कायदा फार कंजूष होतो. दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. एक, मार जिवावर बेतणारा होता. दोन, दुसरा इलाज नव्हता. आधी तोंडाने सांगून पाहिलं, मदतीला हाका मारल्या आणि कुणी आलं नाही.

"मारल्या होत्या हाका?"

"हो," मुंगी म्हणाली. एवढंच म्हणाली.

"कुणाला?"

ती टेबलावरच्या पेन्सिलीच्या भुकटीकडे बघत होती. "रस्त्यावर जे होते त्यांना."

"त्यांतलं कुणी सांगेल?"

ह्यांचं आठ दिवस रस्ताभर विचारून झालंय. त्या दिवशी म्हणे अख्ख्या रस्त्याला दुपारी बारा वाजता झोप लागली होती. कुणी माल मोजत होतं, कुणी आत पाणी पीत होतं. धारवाला सापडत नाही. "काहीतरी असेलच," वकीलबाई म्हणाल्या, "कुणीतरी बघितलंच असेल. एवढा मोठा रस्ता."

येताना मी म्हटलं, "शर्टाचं तरी पक्कं आहे ना." मुंगी दोन पावलं पुढे चालत होती.

२८ मार्च, शनिवार

डोकं दुखतंय. काही लिहायचं नाही.

३० मार्च, सोमवार

चार वर्द्यांना बाह्या उलट्या लावल्या. डावी उजवीकडे. मास्तरांनी न बोलता उसवल्या.

२ एप्रिल, गुरुवार

धूळ नव्हती.

एवढं लिहून अर्धा तास झाला. आता पुढचं.

तीन मार्चला दुपारी बारा वाजता मी दारात उभी होते. फौजदाराने धारवाल्याच्या खांद्यावर पहिली काठी मारली तेव्हा मी शटर ओढायला घेतलं. सगळे ओढत होते. रस्ताभर एकामागून एक तोच आवाज. विचार केला असं म्हणवत नाही. हात वर गेला, आकडी धरली आणि शटर खाली आलं. वीतभर उरलं. तेवढं का ठेवलं, सांगता येत नाही. मास्तर आत जेवत होते, त्यांचं तोंड भिंतीकडे होतं.

मी जमिनीवर बसून त्या फटीतून पाहिलं. बूट दिसत होते. धारवाल्याचा हात दिसत होता, पालथा. तो पडल्यावर काठी तीनदा खाली आली. पहिली चुकून चाकाच्या आऱ्यांवर बसली. पुढच्या दोन डोक्यावर. तो आवाज मी लिहिणार नाही.

मग मुंगीच्या चपला आल्या, त्या निळ्या पट्ट्यांच्या. "अहो, सोडा त्याला, त्याला ऐकू येत नाही," असं ती म्हणाली. मग ओरडली, "वहिनी!" पुन्हा एकदा ओरडली, "वहिनी, बाहेर ये!"

अख्ख्या रस्त्यात तिने एकाच माणसाला हाक मारली होती.

मी गेले नाही. श्वाससुद्धा हळू घेत होते, बाहेर ऐकू जाईल म्हणून. मग त्या चपला पळत गेल्या आणि जमिनीवरून उचलल्या गेल्या. ती त्याच्या पाठीला लोंबत होती आणि तो गोल फिरत होता. एक चप्पल सुटून माझ्या फटीसमोर येऊन पडली. हात बाहेर घातला असता तर मिळाली असती.

तेव्हा कुणीतरी हसलं. मी नव्हते. निदान तेवढं तरी.

म्हणजे वकीलबाईंना हवा तो साक्षीदार आहे. किती काठ्या, कुठे बसल्या, कितीदा हाक मारली, कुणी आलं नाही, सगळं त्याने पाहिलंय. कुणीच आलं नाही हे सांगायला, जी आली नाही तिच्याइतकी खात्रीची बाई कुठून मिळणार?

शर्टाची साक्ष दिली तर मी शूर ठरते. ही दिली तर मला उद्यापासून दूधवालासुद्धा भित्री म्हणून ओळखेल. आणि नाही दिली तर मुंगी दोन वर्षं आत. इतका सोपा हिशोब आहे, आणि मी आठवडाभर बाह्या उलट्या लावतेय.

५ एप्रिल, रविवार

ह्यांना भाजीला पाठवलं. मुंगी गच्चीच्या दारात बसून पुठ्ठ्याचे तारे कापत होती. मी समोर बसले. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. पहिल्याच शब्दाला विसरले.

"मी तिथे होते," एवढंच म्हटलं.

"माहीत आहे," ती म्हणाली. कात्री थांबली नाही. "शटर खाली येताना पाहिलं मी. तुझा हात दिसला. बोटात शिवणाचं अंगुस्तान होतं."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस? वकीलबाईंना का नाही सांगितलंस?"

"वर्गात कुणी दूध सांडलं की मी विचारत नाही, कुणी सांडलं. फडकं मध्ये ठेवते आणि माझं काम करत बसते. ज्याने सांडलं तो येऊन घेतो."

"मी काय चार वर्षांची आहे?"

"छे. चार वर्षांचं पोर महिना लावत नाही."

मला रडू आलं आणि रागही आला. नेमकं काय जास्त, ते सांगणं कठीण. म्हटलं, "राग नाही आला तुला माझा?"

आता कात्री थांबली. "आला ना. कोठडीत सगळ्यात जास्त तुझाच आला. त्या माणसाला मी ओळखत नाही, तुला ओळखते." मग एक तारा ढिगावर ठेवून म्हणाली, "वहिनी, तुला काय वाटलं, मला भीती नव्हती? मी हाक कशाला मारली मग? मला एकटीला जायचं नव्हतं."

भाजी घेऊन हे आले तेव्हा आम्ही दोघी तारे कापत होतो. ह्यांना वाटलं, सगळं ठीक आहे. भेंडी जून निघाली.

६ एप्रिल, सोमवार

वकीलबाईंना सांगितलं. त्यांनी जुनी पेन्सिल बाजूला ठेवली. नवी पेन्सिल काढली आणि म्हणाल्या, "पहिल्यापासून."

ह्यांनाही सांगितलं. हे उठून नळ बंद करून आले. नळ बंदच होता.

२८ एप्रिल, मंगळवार

लहान खटले रखडतात म्हणे. साहेबांच्या अब्रूचा असल्याने हा पळत सुटलाय. आज माझी साक्ष झाली.

कोर्टाची खोली आमच्या दुकानाहून थोडीच मोठी, पंखा नुसता फिरण्यापुरता. साहेब पहिल्या बाकावर, नवी वर्दी, मीच शिवलेली. खांद्याला किंचित झोळ आहे. आज पहिल्यांदा लक्षात आलं.

शर्ट टेबलावर ठेवला. मी म्हटलं, कॉलर फाटली की कापडाचे धागे ओढले जातात, भोकं वेडीवाकडी होतात. ही उसवलेली आहे, ब्लेडने, एक टाका सोडून एक. आणि इथे कॉलरच्या मध्याला लाल टाका, इथे पट्टीच्या मध्याला लाल टाका. जज्जसाहेबांनी शर्ट जवळ घेऊन पाहिला. चिठ्ठी पाहिली. शिपायाची सही पाहिली. साहेबांनी शिपायाकडे पाहिलं.

सरकारी वकील उठले. "आरोपी तुमची नणंद?"

"हो."

"संबंध चांगले आहेत?"

"नणंद-भावजयीचे असतात तेवढे."

लोक हसले. मला क्षणभर बरं वाटलं, आणि लगेच भीती वाटली, की इथेच थांबावं, एवढ्यावरच घरी जावं.

मग आमच्या वकीलबाईंनी विचारलं, तीन मार्चला बारा वाजता आपण कुठे होतात. मी सांगितलं. बूट, हात, खाली पडल्यावर तीन काठ्या, दोन डोक्यावर. दोनदा हाक. वीतभर फट. मागच्या बाकावर आमच्या रस्त्यावरचे चारपाच दुकानदार बघायला आले होते. ते आपापल्या बुटांकडे बघत होते.

सरकारी वकील पुन्हा उठले. "नणंद हाक मारतेय, आणि तुम्ही आत बसलात?"

"हो."

"का?"

"भ्यायले."

"जी बाई स्वतःच्या घरच्या माणसासाठी बाहेर आली नाही, तिच्यावर कोर्टाने विश्वास का ठेवावा?"

याचं उत्तर पाठ केलं नव्हतं. म्हटलं, "खोटंच सांगायचं असतं तर मी बाहेर आले असं नसतं का सांगितलं?"

त्यांनी हातातला कागद उलटला. मग मोठ्याने म्हणाले, "तर मग तुमचं म्हणणं, रस्त्यावर कुणीही उठावं आणि पोलिसाला मागून धरावं?"

"कुणीही कुठे उठतं साहेब?" मी म्हटलं. "अख्ख्या रस्त्यात एक उठली. तिलाच तुम्ही इथे उभं केलंय."

जज्जसाहेबांनी मला विचारलं त्याचंच उत्तर द्यायला सांगितलं. मुंगी पिंजऱ्यात उभी होती. कठड्यावरून तिचे फक्त डोळे दिसत होते. माझ्याकडे बघत होती.

बाहेर आल्यावर सलग तीन पेले पाणी प्यायले.

९ मे, शनिवार

वर्द्यांचं काम दुसऱ्याला गेलं. कारकुनाने निरोप पाठवला, स्वतः आला नाही. मास्तर म्हणाले, "शाळांचे गणवेश शिवू. पोरं कॉलरी चघळतात, पालटायला भरपूर येतील."

मुंगीने पिशवी भरून ठेवलीय: दोन कपडे, साबण, गोळ्या. ती पिशवी दारामागे खुंटीला आहे. जाता-येता मी तिच्याकडे बघायचं टाळते आणि रोज बघते.

२२ मे, शुक्रवार

निकाल.

निर्दोष. कॉलरीबद्दल "पुरावा विश्वसनीय नाही" असं लिहिलंय, कुणी बनवला ते लिहिलेलं नाही. धरण्याबद्दल लिहिलंय की आरोपीने धरलं हे तिने कबूल केलं आहे. जिवावर बेतलेला मार थांबवण्यापुरतं, तेवढाच वेळ आणि तेवढंच बळ तिने वापरलं. हाक मारूनही मदत मिळाली नाही, हे सिद्ध झालं आहे.

सिद्ध झालं आहे. ते मीच आहे.

साहेबांची बदली झाली. तीन रस्ते पलीकडे.

घरी आल्यावर मुंगी पिशवी रिकामी करायला बसली आणि साबण हातात धरून अर्धा तास हमसाहमशी रडली. तीन महिन्यांत पहिल्यांदा. हे तिच्याजवळ नुसते बसून राहिले. मी चहा केला, दोनदा, कारण पहिल्यांदा पाणीच घातलं नव्हतं.

२५ मे, सोमवार

धारवाला सापडला. बहिणीकडे होता, पलीकडच्या वस्तीत. हात अजून खांद्याच्या वर जात नाही. त्याला आता तक्रार करायचीय, फौजदारावर. "बाई सुटल्या तर मीही बोलेन," असं म्हणाला म्हणे. मुंगीने त्याच्या कानाशी ओरडून ओरडून ती लिहून घेतली; दोन पानं झाली. खाली साक्षीदारांच्या सह्यांना जागा सोडलीय. पहिली माझी. वकीलबाई म्हणतात, एक पुरणार नाही.

आज दुकानात गर्दी होती. गिऱ्हाइकांची नव्हे. सकाळी कुलपांच्या दुकानाचे मालक आले, शर्टाचं माप द्यायला. पडद्यामागे गेल्यावर हळूच म्हणाले, "मी पण पाहिलं होतं हो त्या दिवशी." मी कागद पुढे केला. त्यांना एकदम आठवलं, दुकान उघडंच टाकून आलेत. मग पेढीवाले आले. त्यांनीही माप दिलं, पडद्यामागे तेच सांगितलं, कागद पाहिला आणि म्हणाले घरी विचारून सांगतो. माणसं माझ्या पडद्यामागे येऊन बोलून जातात आणि हलकी होऊन बाहेर पडतात. दोन शर्टांची मापं मात्र झाली.

चारला समोरचे चष्मेवाले आले. माप वगैरे काही नाही, सरळ स्टुलावर बसले. साठीचा माणूस, कपाळाला घाम. म्हणाले, "कागद आहे म्हणे तुमच्याकडे."

मी दिला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला. "वाचता येत नाही. चष्मा विसरलो."

"चष्म्याचं दुकान आहे तुमचं."

"हो ना," म्हणाले. उठले. "आणतो."

मी मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी माझ्याकडे. हे गेले ते गेले, असं दोघांनीही धरलं. वीस मिनिटं झाली. पंचवीस झाली. रस्त्यापलीकडचा शिपाई नेहमीच्या जागी उभा होता. चष्मेवाले त्याच्या अंगावरूनच रस्ता ओलांडून आले, दोन्ही हातांत एकेक चष्मा.

"हा लांबचा, हा जवळचा," म्हणाले. "कोणता लागेल?"

"लांबचं काम त्या दिवशी झालंय," मी म्हटलं. "आता जवळचा घाला."

त्यांनी घातला. कागद गुडघ्यावर ठेवला आणि ओठ हलवत वाचायला लागले. बाहेर मोटार थांबली. आम्ही तिघांनीही मान वर केली. दार उघडल्याचा आवाज आला, बंद झाल्याचा आला, मोटार पुढे गेली.

चष्मेवाल्यांची ओळ चुकली होती. ते पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले. मास्तरांनी खडू ठेवून पेन शोधायला घेतलं.